बोअरच्या पाण्यातले रेनबो

आमच्या जेल रोडच्या रो-हाउसमध्ये दोन तऱ्हेचं पाणी येतं. सकाळी तासभर महापालिकेचं, म्हणजे गंगापूर धरणातलं, आणि उरलेला दिवस बोअरचं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजायला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात, साबणाला फेस येत नाही आणि गिझरची कॉइल दोन वर्षांच्या वर टिकलेली मला आठवत नाही. याच पाण्यात मी तीसेक निऑन टेट्रा मासे घालवले. पाच-सहा आणायचे, आठवडाभर बरे दिसायचे, मग रोज एकेक कमी. दुकानदार म्हणायचा, "साहेब, तुमचं पाणी खराब आहे, आरओचं वापरा." वापरलं. साठ लिटर आरओ पाणी काढताना मोरीत किती वाहून जातं ते अण्णांनी बादल्या मोजून दाखवलं आणि तो उद्योग तिथंच संपला.

अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली, त्यामुळे मोजणं हाडात भिनलंय. जिन्याच्या पायऱ्या, डब्यातल्या पोळ्या, कुठल्या फांदीला किती जास्वंदी लागल्या, सगळं. टाकीतले मासेही ते रोज सकाळी चहाआधी मोजतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहितात, दुधाच्या नोंदीशेजारी. माझ्या अपयशाचा तारीखवार हिशेब असा स्वयंपाकघरात टांगलेला असायचा.

शेवटी वैतागून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर आणि थेंब टाकून तपासायचं किट मागवलं. बोअर: टीडीएस ७४०, पीएच ७.९, हार्डनेस, म्हणजे जडपणा, १९ डिग्री. महापालिका: टीडीएस १३०, हार्डनेस ४. निऑन टेट्रा मूळचे अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या ओढ्यांतले. कुजलेल्या पानांच्या त्या चहासारख्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आपल्या पाण्यात काही खोट नव्हती. मासे चुकीच्या गावचे होते.

मग उलटीकडून शोध सुरू केला, की असं जड पाणी आवडतं कुणाला. आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे सिक्लिड पहिले पुढे आले. देखणे खरे, पण दिवसभर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे. अण्णांना ब्लडप्रेशर आहे. गप्पी-मॉली जगतात, आणि इतक्या वाढतात की शेजारपाजारचे दार उघडेनासे होतात. तिसरं नाव रेनबोचं. त्यातला बोसेमानी हा न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाचा, नकाशात पक्ष्याच्या डोक्यासारखा दिसतो त्या भागातला. तिथं अयामारू नावाची तळी आहेत, चुनखडीच्या दगडात. म्हणजे पाणी आमच्या बोअरच्या गोत्रातलं. मारिनस बोसेमान नावाच्या डच संशोधकानं १९५४-५५ च्या सुमारास हे मासे गोळा केले, पण त्यांना शास्त्रीय नाव मिळालं १९८० साली. माझं बारसं त्याच्या आधी झालंय.

नरांचा पुढचा अर्धा भाग निळा-जांभळा आणि मागचा नारिंगी. असं वाटतं की दोन वेगळे मासे मधोमध जोडलेत. फोटो पाहून मी हरखलो आणि नाशिकमधली चार दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी रेनबो होते. चंदेरी, मळकट, बोटाच्या दोन पेराएवढे, टाकीच्या कोपऱ्यात दाटीनं उभे. शेजारच्याच टाकीत लालभडक पॅरट फिश. कुणाचीही नजर पॅरटवरच जाणार. रेनबोची सगळ्यात मोठी अडचण ती हीच: दुकानात त्याला रंग नसतो. लहानपणी ही मंडळी भुरकीच असतात. बोसेमानी रंग धरायला लागायला सहा-आठ महिने, आणि पुरता खुलायला दोन वर्षंही लागतात. म्हणून दीड इंचाचं पिल्लू गडद नारिंगी दिसलं तर मी तरी घेणार नाही. त्या वयात तो रंग आपोआप येत नाही, काहीतरी खायला घातलेलं असतं.

त्या दुकानातल्या टाकीवर चिठ्ठी होती, 'असॉर्टेड रेनबो'. ती वाचून परत फिरलो. रेनबोच्या जवळच्या जाती एकमेकांत सहज मिसळतात आणि त्यांची संकरित पिल्लं ना धड बोसेमानी, ना धड टर्कोइज. शोकेसला चालतील, मला मात्र पुढेमागे अंडी घ्यायची होती. टर्कोइज पापुआ न्यू गिनीच्या कुटुबू तलावातला, वरून निळाशार, तोही जड पाण्याचा. लाल रेनबो सेंतानी तलावातला, त्याचा नर मोठेपणी पाठीला कुबड आल्यासारखा दिसतो आणि १५ सेंटीमीटरपर्यंत जातो. थ्रेडफिन तर फारच नाजूक, परांचे दोरे लोंबणारा. त्याचं तोंड इतकं बारीक की बोसेमानीच्या पंगतीत तो उपाशीच राहील. तीन रात्री कागदावर नावं लिहून खोडली. ठरलं ते असं: बोसेमानी, आणि नंतर जमलंच तर ड्वार्फ निऑन रेनबो, जे दोन-सव्वादोन इंचांच्या पुढे जात नाहीत. टर्कोइज सोडला याची हळहळ अजून आहे.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भरली की अडीचशे लिटर. रेनबो पोहणारे आहेत, इकडून तिकडे सतत येरझारा, म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. स्टँड अंबडच्या एका वेल्डरकडून लोखंडी अँगलचा करून घेतला. पाणी, रेती, काच धरून तीनशे किलोच्या वर वजन; "तिजोरी ठेवताय का?" असं त्यानं विचारलं. मागे आणि दोन्ही बाजूंना झाडं, मधली जागा मोकळी, तळाला काळी रेती. काळ्या तळावर यांचा रंग उठतो. जुन्या टाकीतला उपयोगी जिवाणू मुरलेला स्पंज फिल्टर नव्यात टाकला आणि अमोनिया, नायट्राइट ही माशांना मारणारी द्रव्यं शून्यावर येईपर्यंत पाच आठवडे रिकामी टाकी चालवली. अण्णा त्या पाचही आठवड्यांत कॅलेंडरवर शून्य लिहीत होते.

मासे आणले मुंबईहून. नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसनं सीएसएमटी, तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट. तिथं एका गाळ्यात बोसेमानीच्या पिल्लांची वेगळी टाकी होती. मी तासभर उभा राहिलो. दुकानदार कंटाळला, पण बघायचं काय ते पाठ करून गेलो होतो. पाठीवर दोन पर असतात, एकामागे एक. पुढचा पर मिटल्यावर त्याचं टोक मागच्या पराच्या मुळापर्यंत किंवा पुढे पोचत असेल तर बहुतेक नर. आखूड आणि गोलसर असेल तर मादी. दोन इंचाच्या चपळ माशाचा पर मिटलेला बघणं म्हणजे धावत्या लोकलवरची पाटी वाचणं. तरी बारा निवडले, माझ्या हिशेबानं पाच नर, सात माद्या. नुसते नर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, रंग त्यांच्यातच म्हणून. अयामारूमधूनसुद्धा एके काळी रंगीत नरच उचलून नेत, आणि तिथला मूळचा मासा आज धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. बाजारात येतात ते आता बहुतेक पैदास केलेले. पण टाकीत माद्या नसतील तर नर तरी कुणासाठी नटणार?

येताना थर्माकोलचं खोकं मांडीवर. कसाऱ्यापर्यंत समोरच्या काकूंनी धीर धरला, मग विचारलंच, "बोंबील का पापलेट?" झाकण उघडून दाखवलं. "एवढुसे? आणि अडीचशेला एक?" इगतपुरी येईपर्यंत अख्ख्या डब्यात भाव कळला होता.

घरी पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगवल्या, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेऊन सलाईनच्या नळीनं थेंब थेंब आमचं पाणी सोडत दीड तास बसलो. अर्धं बोअर, अर्धं महापालिकेचं असं मिश्रण ठरवलं होतं. टीडीएस चारशेच्या आसपास. पहिले तीन आठवडे दोन फुटी टाकीत वेगळे ठेवले. तिथं एकाच्या ओठावर पांढरा कापूस दिसला आणि दोन दिवसांत तो मासा मेला. जाळ्यात धरताना तोंड घासलं असणार, माझ्याच हातून. अकरा मोठ्या टाकीत गेले.

नाशिकची डिसेंबरातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. रात्री पारा दहाच्या खाली, आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी हाताला चावतं. हीटर २५ वर लावला आणि पाणी बदलताना पातेलंभर गरम पाणी घालायची सवय केली. त्याच दिवसांत एका सकाळी अण्णांनी वरच्या मजल्याकडे तोंड करून हाक मारली, "दहा!" मी खाली आलो. "झाडामागे असेल," म्हटलं. "तीनदा मोजलेत. दहा." टॉर्च घेऊन स्टँडच्या मागे वाकलो तर भिंतीला लागून मादी पडली होती, वाळून कागदासारखी, अंगाला धूळ. झाकणाला फिल्टरच्या पाइपसाठी दोन बोटांची खाच होती. फक्त दोन बोटांची! रेनबो उड्या मारतात हे वाचलं होतं, मित्राला सांगितलंही होतं. संध्याकाळी ती खाच स्पंजच्या तुकड्यानं बुजवली. कॅलेंडरवर त्या दिवशीचा १० अण्णांनी लाल पेननं लिहिलाय.

खाण्यावरून मात्र आमच्या घरात रोज वाद. अण्णा टाकीजवळ गेले की दहाच्या दहा काचेला येऊन तोंडं उघडतात. "उपाशी आहेत रे." उपाशी नसतात, निर्लज्ज असतात. बोसेमानीचं अंग मोठं झालं तरी घसा अरुंद, त्यामुळे दाणा बारीकच हवा. मी चुरलेले फ्लेक, बारीक गोळ्या, आठवड्यातून दोनदा फ्रोझन आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) आणि उकडलेल्या पालकाचा चुरा देतो. एकदा पाण्यावर पोळीचा तुकडा फिरताना दिसला. विचारलं तर अण्णा पेपर वाचत होते. तेव्हापासून माझ्या बायकोनं औषधांच्या डबीत सात खण असतात तशा डबीत आठवड्याचं खाणं भरून ठेवायला सुरुवात केली. सकाळच्या खणातलं संपलं की संपलं. अण्णांनाही ती पद्धत कागदोपत्री पटली.

मार्चपर्यंत रंगाचा पत्ता नव्हता. येणारे-जाणारे विचारत, "हे कोणते, मांदेली?" मीही मनातून जरा खचलो होतो. आमची टाकी पूर्वेच्या खिडकीसमोरच्या भिंतीला आहे. सकाळी सातच्या सुमाराला कोवळं ऊन काचेवर आडवं येतं. एके दिवशी त्या उन्हात सगळ्यात मोठा नर मादीभोवती फिरत होता, सगळे पर ताणलेले. शेपटीकडून मध्यापर्यंत पिवळसर झाक होती, फोटोतल्या नारिंगीच्या जवळपासही नाही. पण त्याच्या कपाळावर, ओठापासून पाठीच्या पहिल्या परापर्यंत, एक उजळ पट्टी उमटली. विझली. परत उमटली. आतून कुणी बटण दाबावं तशी. दुसरा नर समोर आला, त्याचीही पेटली, आणि दोघं अंग थरथरवत एकमेकांभोवती गोल फिरू लागले. चावाचावी नाही, नुसतं दाखवणं.

"गंध लावून आलाय," अण्णा म्हणाले. त्यांच्या हातातला चहा गार झाला होता.

पुढे वर्षभरात पिवळं नारिंगी झालं आणि पुढचा भाग निळसर होत शिसवी. भर दुपारी ट्यूबलाइटखाली तेच मासे निम्मे फिके दिसतात, म्हणून पाहुण्यांना मी सकाळीच बोलावतो. ड्वार्फ निऑन आठ आणले, ते पुढच्या फेब्रुवारीत. निळ्या अंगाला नरांचे लाल पर, माद्यांचे पिवळसर. तेही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात रुळले. तळाला पाच कोरी, म्हणजे तळ चाळत फिरणारे छोटे मासे, आणि लाकडाला चिकटलेला एक सकर मासा. रेनबो इतके झपाट्यानं खातात की तळापर्यंत काही पोचतच नाही. कोरींसाठी दिवे मालवल्यावर बुडणारी गोळी वेगळी टाकावी लागते. शेजाऱ्याने एंजल देऊ केला होता, तो नको म्हटला. असा संथ मासा यांच्या गर्दीत कावराबावरा होतो.

उन्हाळा मला वाटला त्याहून अवघड गेला. एप्रिलच्या शेवटी बाहेर चाळीस, टाकीत बत्तीस. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासे वर येऊन भराभर कल्ले हलवू लागतात. पंखा लावला की पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, पण त्यासाठी झाकण काढावं लागतं, आणि झाकण काढलं की उडी. तोडगा सुताराकडून मिळाला: खिडकीला बसवतात त्या मच्छरजाळीची फ्रेम टाकीच्या मापानं. वर टेबल फॅन. दिवसाला सात-आठ लिटर पाणी उडून जायचं आणि मी ते बोअरचं भरायचो. महिन्यानं टीडीएस पाहिला तर ५९०! पाणी उडतं, क्षार मागे राहतात, वर आपण आणखी क्षार ओततो. काचेवर पाण्याच्या रेघेला चुन्याची पांढरी कड धरली होती, नखानंही निघेना. आता उडालेलं पाणी फक्त महापालिकेचं, रात्रभर बादलीत ठेवून आणि क्लोरीन घालवून. चुन्याची कड अण्णा अर्ध्या लिंबानं घासतात. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंपही त्याच मे महिन्यात घेतला, त्यावर जास्त काही सांगत नाही. दुपारचे तीन तास लाइट नव्हती तेव्हा आम्ही आळीपाळीनं मगानं पाणी उपसून वरून ओतत होतो.

अंड्यांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण त्यात मी दोनदा तोंडावर पडलो. रेनबो एकदम हजार अंडी घालत नाहीत. रोज सकाळी थोडी थोडी, झाडाच्या बारीक पानात, प्रत्येक अंड्याला चिकट दोरा. आणि मोठ्या टाकीत ती राहिली तर हेच मासे पिल्लांचा फडशा पाडतात. बायकोनं हिरव्या लोकरीचा झुपका करून दिला, जुन्या स्वेटरचा, बुचाच्या तुकड्याला बांधलेला. रंग जाऊ नये म्हणून आधी उकळला. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, त्या आठवड्यात मी निम्मं पाणी जरा थंड भरलं, आणि तिसऱ्या दिवशी झुपक्यात साबुदाण्याच्या कणीएवढे पारदर्शक मणी. लोकर चिमटीत धरली की ते बोटाला कडक लागतात. अंडी असून फुटत नाहीत याचं नवल वाटलं.

झुपका वेगळ्या छोट्या टाकीत ठेवला. चौथ्या दिवशी मण्यात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. नवव्या दिवशी पाण्याच्या अगदी वरच्या थरात पापणीच्या केसाएवढे धागे. मोजले एकोणीस. आर्टेमियाची अंडी मीठपाण्यात टाकून तयार होतो, चोवीस तासांत त्यांतून पिल्लं निघाली, आणि रेनबोच्या पिलांच्या तोंडात ती मावेनात. पाचव्या दिवशी टाकी रिकामी. दुसऱ्या खेपेला इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, करायला घेतलं, पण अंडी फुटल्यावर. उशीर. तीच गत.

तिसऱ्या वेळी झुपका टाकायच्या दहा दिवस आधीच बरणी मांडली: टाकीचं जुनं पाणी, त्यात उकळून मऊ केलेलं कोबीचं पान, वर मलमल, खिडकीत. आधी पाणी दुधासारखं गढूळ आणि वास असा की बायकोनं बरणी गच्चीत हाकलली. मग ते निवळलं, उजेडाकडे धरल्यावर आत धुळीसारखं काही हललं. तेच खाणं. दिवसातून चार वेळा ड्रॉपरनं, पृष्ठभागावरच, कारण पिल्लं खाली उतरत नाहीत. दहाव्या-बाराव्या दिवशी आर्टेमिया तोंडात जायला लागला. पोटं केशरी दिसली तेव्हा मी बायकोला ऑफिसात फोन केला. वाढ मात्र गोगलगाईची. दोन महिन्यांत जेमतेम पाऊण इंच. सव्वीस फुटले होते, अकरा राहिले. सहा मित्राला दिले, पाच दीड इंचाचे झाल्यावर गेल्या महिन्यात मोठ्या टाकीत सोडले. चंदेरी, मळकट, अगदी त्या दुकानातल्यासारखे.

म्हणजे दहा बोसेमानी, आठ ड्वार्फ, पाच कोरी, एक सकर आणि ही पाच. अण्णांच्या कॅलेंडरवर एकोणतीस.

आज सकाळी खालून हाक आली, "अठ्ठावीस!" मी टॉर्च घेऊन स्टँडमागे वाकलो. धूळ, एक पेन्सिल, पेपरचं रबरबँड. झाकणाची खाच बंद. परत टाकीशी आलो, लाकडाचा ओंडका जरा उचलला तर खाली सकर चिकटलेला.

"हा बघा, अण्णा."

त्यांनी चष्मा वर केला, खात्री केली आणि कॅलेंडरवरच्या आठाचा नऊ करायला घेतला. तो काही नीट जमला नाही, म्हणून शेजारी परत लिहिला.